इंगोले मावशींचं आत कोण आहे?

लखनौत शाळकरी मुलांची गणिताची कुठलीही स्पर्धा असो, फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या आईबापांत इंगोले मावशी असायच्याच. आणि त्यांचं आत कोण आहे, हे कुणालाच ठाऊक नसायचं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते निशातगंजमधल्या एका शाळेबाहेर. आम्ही नागपूरहून बदलीवर इकडे येऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. माझी मुलगी तन्वी सहावीत. तिच्या बाईंनी तिला गणिताच्या स्पर्धेसाठी निवडलं होतं. या स्पर्धा असतात रविवारी, आणि बायकोची नोकरी अमौसीला विमानतळावर, तिथे रविवार-सोमवार असा काही भेद नाही. त्यामुळे मुलीला नेणं-आणणं माझ्याकडे आलं. तन्वी आत गेली आणि मी तिच्या पाठीमागून मराठीत ओरडलो, की उत्तर पुन्हा एकदा तपासून बघ. तेवढ्यात बाजूच्या घडीच्या स्टुलावरून आवाज आला,

"काहून ओरडून राहिले जी? तिचं पोट दुखन न."

साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि अंगावर नीट पिन लावलेली सुती साडी. लखनौच्या रस्त्यावर वऱ्हाडी ऐकून मी इतका हरखलो, की रागवायचं राहूनच गेलं. त्यांनी लगेच माझं गाव, आडनाव, खातं, घराचं भाडं आणि बायकोचं माहेर एवढं सगळं विचारून घेतलं. मीही विचारलं, तुमचं कोण आहे आत? मावशी म्हणाल्या, "आहे न एक पोट्टी. लाल रिबिनवाली." तेवढ्यात त्यांनी थर्मास उघडला आणि विषय चहाकडे गेला.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाळेत स्पर्धा होती. मावशी आधीच स्टूल टाकून बसलेल्या. मी म्हटलं, आली का तुमची लाल रिबिनवाली? त्या म्हणाल्या, "नाही जी, आज आमचा चष्मेवाला आहे." मला वाटलं, दोन नातवंडं असतील. त्याच्या पुढच्या वेळी आत होते ते जुळे भाऊ. मग मात्र माझा हिशेब चुकायला लागला. मी सरळ विचारलं, मावशी, एकूण किती मुलं तुमची? त्यांनी फाटकाकडे बघून शांतपणे सांगितलं, "आज दोनशेक तरी असतीन."

गोंधळलेला मी एकटाच नव्हतो. आमच्या या रविवारच्या मंडळींत मिश्राजी म्हणून एक गृहस्थ होते, त्यांचा मुलगा तन्वीच्याच वर्गात. त्यांचं ठाम मत होतं, की मावशी एका कोचिंग क्लासच्या हेर आहेत आणि हुशार मुलं हेरायला येतात. दुसरे कुणी म्हणत, त्या स्पर्धा भरवणाऱ्यांपैकीच आहेत आणि पालकांची वागणूक तपासतात. हे कळल्यापासून काही आया त्यांच्यासमोर मुलांशी फार गोड बोलायच्या. फाटकावरचा शिपाई त्यांना अम्माजी म्हणून नमस्कार करायचा, कारण त्याला वाटायचं त्या प्राचार्यांच्या कुणीतरी आहेत. हे सगळे तर्क मावशींच्या कानावर जात असणार. त्यांनी एकही खोडला नाही, एकही कबूल केला नाही.

गणिताशी मावशींचं काही देणंघेणं नव्हतं. "गणित काय जी, सुटते नाही तर नाही सुटत," असं त्या म्हणायच्या. "आत जायच्या आधी पोट्ट्याची सू-सू झाली पाहिजे. अर्धे पोट्टे त्याच्यानंच नापास होतेत." त्यांच्या पिशवीत टोक केलेल्या पेन्सिली, खोडरबर, सेफ्टी पिना, बडीशेप, ओला रुमाल आणि एक मोठा स्टीलचा डबा असायचा. कुणाचं बटण तुटलं, कुणाचं नाक वाहिलं, कुणी रांगेत रडायला लागलं, की मावशी स्टुलावरून उठायच्या. मूल कुणाचं ते विचारायच्या नाहीत. आधी नाक पुसायच्या.

पालकांसाठी मात्र त्यांचे नियम कडक होते. मूल बाहेर आलं की आधी पाणी द्यायचं. मग भूक लागली का विचारायचं. पेपर कसा गेला, हे तिसऱ्या दिवशी विचारायचं, तेही मूल खुशीत असेल तर. मिश्राजींनी एकदा मुलाला फाटकातच धरून "कितने सही हुए?" असं विचारलं. मावशींनी मध्ये पाण्याची बाटली घातली आणि म्हणाल्या, "पहले साँस तो लेने दो भैया, बच्चा है, कॅल्क्युलेटर नहीं है." मिश्राजींनी निमूटपणे बाटली मुलाच्या हातात दिली. त्यांना अजून त्या हेर वाटत होत्या.

निकालाबद्दल मावशी छातीठोक भविष्य सांगायच्या. मूल पेपर देऊन बाहेर कसं चालत येतं, यावरून त्यांना सगळं कळतं असा त्यांचा दावा होता. हात हलवत येणारं काठावर, खाली बघत येणारं पहिल्या दहांत, आणि ज्याच्या बुटाची नाडी सुटलेली आहे त्याचा नंबर हमखास. हे भविष्य बहुतेक वेळा साफ चुकायचं. चुकलं की मावशी म्हणायच्या, "पेपर तपासनाऱ्याची काही गलती झाली असन."

एका रविवारचा प्रसंग मला फार आवडतो. प्रश्नपत्रिका बाहेर आली आणि आम्ही बापलोक पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून ती सोडवायला लागलो. एक गणित कोंबड्या-बकऱ्यांचं होतं. डोकी इतकी, पाय इतके, तर बकऱ्या किती. मिश्राजी इंजिनियर, त्यांचं उत्तर वेगळं आलं. मी सरकारी लेखा विभागातला, माझं वेगळं. आवाज चढले. कुणीतरी एक्स आणि वाय धरले, कुणी ते खोडले. मावशी चहाचा कप घेऊन आल्या आणि माझं उत्तर काय आलं ते विचारलं. मी म्हटलं, साडेतीन बकऱ्या. मावशींनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं.

"अन् अर्धी बकरी बांधान कुठं?" त्यांनी विचारलं.

त्या दिवसापासून मी पार्किंगमध्ये गणितं सोडवणं सोडलं.

तन्वीला मावशी पहिल्यापासून आवडल्या. तन्वीला मराठी सगळं कळतं, पण बोलायची ती हिंदीतच. मावशी वऱ्हाडीत विचारायच्या, ही हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं छान जमायचं. घरी मी तिला विचारलं, की मावशींचं मूल कोणतं ते तुला माहीत आहे का. ती म्हणाली, "पापा, आपको इससे क्या?" मला खरं तर काहीच नव्हतं. पण स्पर्धेच्या दर रविवारी त्या स्टुलाकडे बघितलं की डोक्यात तो प्रश्न आपोआप सुरू व्हायचा, आणि दर वेळी उत्तर अर्ध्या बकरीवर येऊन अडायचं.

मग शहराची अंतिम फेरी आली. तन्वी निवडली गेली होती, मिश्राजींचा मुलगाही. या वेळी पालकांना शाळेच्या आवारात घेतलं होतं. कडुनिंबाच्या सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या आणि समोर मुलं बसली होती त्या इमारतीचं जाळीचं दार. मावशी होत्याच, आज स्टुलाऐवजी खुर्चीवर, माझ्या शेजारी.

पेपर सुरू झाल्यावर एक तरुण शिक्षिका प्रत्येकाजवळ येऊन कोणत्या मुलाचे पालक ते विचारायला लागली. मागच्या फेरीला कुणीतरी बाहेरचा माणूस घुसून क्लासची पत्रकं वाटून गेला होता, म्हणून आता फक्त पालकांनाच थांबता येणार होतं. वागायला ती चांगली होती, हसून विचारत होती. एक-दोघांना तिने तशाच हसऱ्या चेहऱ्याने बाहेर जायला सांगितलं.

मी मावशींकडे पाहिलं. त्या सरळ बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून. चेहऱ्यावर नेहमीचा ठसका नव्हता. शिक्षिका जवळ आली आणि म्हणाली, "आंटी, आपका बच्चा कौन-सा है?"

मावशी जाळीच्या दाराकडे बघत राहिल्या. लाल रिबिन नाही, चष्मेवाला नाही. मिश्राजी मान वळवून बघत होते; महिनोन्‌महिने ज्याची वाट बघितली ते उत्तर आता मिळणार होतं. शिक्षिकेने पुन्हा विचारलं. मावशींनी खुर्चीच्या हातावर तळवा टेकला, उठायला म्हणून.

"हमारे साथ हैं," मी म्हणालो. "तन्वी की मौसी हैं."

का म्हणालो, मला सांगता येणार नाही. मला तर त्यांचं पहिलं नावही ठाऊक नव्हतं. शिक्षिकेने माझ्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, बरं म्हणाली आणि पुढच्या रांगेकडे वळली. पण तिचा पुरता विश्वास बसला नव्हता. ती जाळीच्या दाराशीच उभी राहिली, आणि अधूनमधून तिची नजर आमच्याकडे येत होती.

 मग मावशींनीच सुरुवात केली, समोर बघत, हळू आवाजात. नवरा हवाई दलात होता. लखनौबाहेर बख्शी का तालाबच्या तळावर शेवटची नेमणूक झाली, निवृत्तीनंतर तिथेच घर बांधलं, आणि घर बांधल्यावर फार दिवस जगला नाही. मुलगा एकच, बंगळुरूला असतो. चांगला आहे. रविवारी फोन करतो, वेळ मिळाला तर. गणिताच्या स्पर्धेला तो कधीच बसला नव्हता, गणित त्याला जमायचंच नाही. शेजारी हवाई दलातलंच एक मराठी कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी स्पर्धेला बसली, आईबाप दोघंही ड्यूटीवर, म्हणून मावशी तिला घेऊन आल्या. नंतरही दर वेळी त्याच आणायच्या. मग त्या लोकांची बदली झाली.

"पुढच्या स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी उठली अन् डबा भरला," मावशी म्हणाल्या. "भरल्यावर ध्यानात आलं, की पोट्टी तर गेली. आता भरलाच आहे डबा, म्हटलं, तर जाऊन येऊ."

मी विचारलं, कंटाळा नाही येत? इतक्या लांबून यायचं, तासन्‌तास नुसतं बसायचं, आत आपलं कुणी नाही.

"घरी बी बसूनच राहतो न जी," त्या म्हणाल्या. "वाट पाहत. तिथं कोनी येत नाही. इथं घंटा झाली की दार उघडते, अन् पोट्टे येतेतच."

 मिश्राजी समोरच्या रांगेत होते. त्यांना मराठी येत नाही, तरी ते आता आमच्याकडे बघत नव्हते.

घंटा झाली. सगळे पालक एकदम उठले. मावशीही उठल्या, टाचा उंचावल्या, पुढच्यांच्या खांद्यांवरून बघायला लागल्या. जाळीचं दार उघडलं आणि मुलं पायऱ्यांवरून खाली सुटली. मला एकदम भीती वाटली. मी जे सांगितलं होतं ते तन्वीला ठाऊक नव्हतं, आणि ती शिक्षिका दारातच उभी होती.

तन्वी बाहेर आली. चेहरा उतरलेला, केस कपाळावर चिकटलेले. शिक्षिकेने तिला थांबवलं, आमच्या दिशेने बोट केलं आणि विचारलं, की वो आंटी आपकी कौन हैं. तन्वीने तिकडे पाहिलं. प्रश्नात विचारण्यासारखं काय आहे ते तिला समजलं नसावं.

"मौसी हैं," ती म्हणाली, आणि धावत खाली आली. माझ्या हातात तिने पॅड आणि पेन्सिल कोंबली. पेपरचं विचारायला मी तोंड उघडलं होतं, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

"मौसी, भूख लगी है."

मावशी खाली बसल्या आणि पिशवीतून डबा काढला. दोन्ही हातांनी त्या झाकण ओढत राहिल्या, पण त्यांना ते काही निघेना. तन्वी शेजारच्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती. मी डबा घेतला आणि उघडून दिला. झाकण मुळीच घट्ट नव्हतं.