नकाशातला पिवळा ठिपका

धाकटी अंगणात आली आणि थबकली. बाबांची गाडी जागेवर नव्हती.

कॉलेजात ती डिजिटल नकाशे आणि सुदूर संवेदन शिकत होती. सत्राच्या शेवटी उपग्रहाच्या चित्रावरून आपल्या वस्तीचा नकाशा करायचा होता. चित्र जमिनीवर नीट बसवायला चार कोपऱ्यांत चार पक्क्या खुणा लागतात, चित्रात दिसणाऱ्या आणि जागच्या न हलणाऱ्या. पाण्याची टाकी मिळाली, पूल मिळाला, शाळेचा कोपरा मिळाला. चौथ्या कोपऱ्यात मात्र नुसती झाडी आणि एक पिवळा ठिपका. ते बाबांच्या गाडीवरचं कव्हर होतं.

धाकटीला शंकासुद्धा आली नाही. तिला कळायला लागल्यापासून गाडी तिथेच होती. दूधवाला गाडीवरूनच पत्ता सांगायचा, आणि ती भंगारात द्या असं सांगून सांगून आईच्या घशाला कोरड पडली होती. तिने अहवालात ठोकून दिलं : चौथी खूण, पिवळी, कायमची.

आज सर त्या खुणा प्रत्यक्ष पाहायला येणार होते. एक जरी कच्ची निघाली तरी सगळं सत्र पुन्हा करावं लागेल, असं त्यांनी वर्गात बजावलं होतं.

"आई, गाडी कुठंय?"

"बाबा घेऊन गेलेत," आई म्हणाली. तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. "तू ते जागा मोजायचं यंत्र घेऊन रोज गाडीभोवती घुटमळायचीस ना, त्यांना वाटलं पोरीचा गाडीवर जीव जडलाय. गुपचूप मेकॅनिक आणला. चालू झाली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं गं त्यांच्या."

धाकटीने कपाळाला हात लावला. रागवावं तरी कसं? आपल्यासाठी त्यांनी मेलेली गाडी उठवली होती.

तेवढ्यात हॉर्न वाजला. गाडी खोकत खोकत अंगणात शिरली आणि सवयीने जुन्याच जागी, चाकांनी पाडलेल्या खळग्यांत जाऊन बसली. बाबांच्या शेजारी सर होते. ते बसथांब्यावर पत्ता विचारत उभे होते; बाबांनी हौसेने गाडीत घेतलं आणि वाटेत बाकीच्या तिन्ही खुणाही दाखवून आणल्या.

सरांनी बसल्या बसल्या कागद चाळले. "चौथी नुसती पिवळी म्हणून लिहिली आहे. कुठे आहे ती?"

काहीतरी थाप मारावी असं धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाबा इतक्या कौतुकाने बघत होते की तिला ते जमेना.

"सर, तुम्ही तिच्यातच बसलाय."

सर सावकाश उतरले. गाडीला खूण कसं धरलं, असं त्यांनी विचारलं. ती हलत नाही, धाकटी म्हणाली. मी आत्ता तिच्यातूनच आलो, सर म्हणाले. सरांनी लाल पेन काढलं.

"तुम्हाला आधी थांब्यावर सोडतो," बाबा घाईने म्हणाले, "मग काय लिहायचं ते लिहा." त्यांनी किल्ली फिरवली. गाडी हूं की चूं करेना. तिघांनी मिळून ढकलली, तरी चाकं खळग्यांतून हलली नाहीत. फोनवर मेकॅनिक म्हणाला, एकदा चालली हेच नशीब समजा, आता सगळं जाम झालं असणार.

सरांनी आपलं यंत्र टपावर ठेवून आकडे ताडून पाहिले. ते नकाशाशी तंतोतंत जुळले. मग त्यांनी बॉनेटवरच कागद ठेवून 'चौथी खूण पक्की' असं लिहिलं, सही केली आणि ते पायी निघाले.

बाबांचं तोंड एवढंसं झालं होतं. धाकटी त्यांच्याजवळ जाऊन बसली. "गाडीमुळे पास झाले, बाबा," ती म्हणाली, आणि तिला खरोखरच भरून आलं.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला आणि आईपुढे धरला. "बघ. आणि तू भंगारात द्यायला निघाली होतीस."

आई आत गेली आणि पिवळं कव्हर घेऊन आली.