आधी नमस्कार, मग रक्तगट

आमच्या रक्तपेढीच्या कॉम्प्युटरला विचारलेला प्रश्न स्वतः जिना उतरून तळघरात जातो आणि उत्तर घेऊन वर येतो. तळघरात डेटाबेस आहे. तिथे प्रत्येक रक्तदाता आपापल्या खुर्चीवर बसलेला असतो. वर तो माणूस शेतात असो, दुकानात असो की जळून राख झालेला असो, खाली तो बसलेलाच असतो.

हा कॉम्प्युटर मी चालवतो. कॉलेज मी दुसऱ्या वर्षी सोडलं, कारण शिकवणारे स्वतःच्या जुन्या वह्या वाचून दाखवत होते. इथे आलो तर अध्यक्ष वामनकाका सातपुते भेटले. तीच वही, फक्त धोतरातली.

काकांचा नियम असा: प्रश्नाने खाली गेल्यावर ज्येष्ठतेप्रमाणे एकेकाला नमस्कार करायचा, ख्यालीखुशाली विचारायची, मग रक्तगट. सकाळी गेलेला प्रश्न दिवेलागणीला कंबर धरून वर येई. लोक म्हणत, कॉम्प्युटर स्लो आहे. काकांनी त्यावर नवा कॉम्प्युटर आणला आणि त्याला हार घातला. प्रश्नाचे पाय तेच राहिले.

त्या दुपारी इम्तियाज तांबोळी आला. समोरच्या दवाखान्यात त्याची बायको जुबेदा बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह हवं होतं. फ्रिजमध्ये नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, संध्याकाळची वाट बघू नका.

मी टाइप केलं. प्रश्न बाहेर आला, चपला घालू लागला.

"नमस्कार नंतर," मी म्हणालो. "आधी गट. ओ निगेटिव्ह नसेल त्याच्यासमोर थांबूसुद्धा नकोस."

"खुर्च्यांवर गट लिहिलेला नाही," प्रश्न म्हणाला. "प्रत्येकाला विचारावंच लागतं. आणि पहिल्या रांगेतले हात सोडत नाहीत."

"मग सगळ्यांना गटवार बसव."

"अरे वा!" काका दारातून म्हणाले. "म्हणजे पहिल्या खुर्चीवरचे आमचे आबासाहेब कालच्या पोरासोरांच्या मांडीला मांडी लावून बसणार?"

"आबासाहेब वारले, काका. खांदा तुम्हीच दिलात."

"म्हणून काय खुर्ची काढायची? वार्षिक अहवालात दाते कमी दिसतील ना!"

इम्तियाज शांतपणे म्हणाला, "मेलेल्यांचं रक्त चालत असेल तर तसं सांगा, काका. मी भांडणार नाही."

काका चष्मा पुसू लागले.

प्रश्न जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकला. आपण होऊन त्याने कधी काही विचारलं नव्हतं. "आपण वारलोय, हे खाली मेलेल्यांना कुणी सांगितलंय का?"

"नाही. सांगायचंही नाही," काका म्हणाले. "माणसं दुखावतात."

"आबासाहेब दर खेपेला विचारतात, 'काय रे, आमचं कसं चाललंय?' मी हसून पुढे जातो."

"आज सांग," मी म्हणालो.

तो गेला. खाली खूप खुर्च्या एकदम सरकल्या. मग जिन्यावर काठी वाजली. आबासाहेब वर आले. त्यांच्यामागे ज्येष्ठतेप्रमाणे बाकीचे मयत.

"वामन," आबासाहेब म्हणाले, "इतकी वर्षं बसवून ठेवलंस. एका शब्दानं बोलला नाहीस?"

ज्येष्ठ समोर आला की नमस्कार, हा नियम काकांचाच. काका वाकले. मागचा पुढे आला. काका पुन्हा वाकले.

"उरलेल्यांना गटवार बसवू का?" खालून प्रश्नाचा आवाज आला.

मी काकांकडे पाहिलं. त्यांचं डोकं कुणाच्या तरी पायावर होतं, त्यामुळे हरकत आली नाही.

"बसव."

मी पाण्याची बाटली उघडली तोवर तो उत्तर घेऊन आला. "केतकी ढोमसे. बेकरीत असते. गेल्या आठवड्यात नाव दिलंय. सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभी होती, तिला खुर्ची मिळालीच नव्हती."

मी फोन केला. केतकी हाताला मैदा तसाच घेऊन आली. तपासणी झाली, पिशवी भरली, इम्तियाज ती छातीशी धरून रस्ता ओलांडून धावला. दिवे लागायच्या आत जुबेदाने डोळे उघडले आणि चहा मागितला.

रांग अजून जिन्यावर आहे. आम्ही बाजूने जातो-येतो. काल प्रश्नाने मला विचारलं, "काकांचं नावही दात्यांत आहे. त्यांची खुर्ची कुठल्या गटात ठेवू?"

"त्यांनाच विचार."

त्याने विचारलं.

"ए पॉझिटिव्ह," काका फरशीकडे बघत म्हणाले, आणि पुढच्याचे पाय शोधू लागले.