नेमाचा नीलकंठ

गजेंद्रने चष्मा लावायचा नाही असं ठरवलं, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली. नंबर लागला होता, चष्मा आणलाही होता. पण तो लावला की आपण रिटायर व्हायला आलेल्या बाबूसारखे दिसतो, असं त्याचं मत पडलं. (न लावताही तो तसाच दिसायचा. पण चष्म्याशिवाय आरशात ते कळत नसे.)

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून गावात मोकळी जागा दिसली की लोकांचे हात शिवशिवायचे. गजेंद्रच्या कॉलनीमागे बाभळी, पळस आणि कडुनिंब मिळून जंगलाचा एक तुकडा तेवढा उरला होता. त्याच्यावर गजेंद्रचा फार जीव. त्याच्या मते तिथल्या पाखरांचा कारभार कचेरीपेक्षा चोख होता. खाली पाचोळ्यात सातभाईंची न संपणारी मीटिंग, झुडपात भारद्वाज, मधल्या मजल्यावर बुलबुल, शेंड्याला तांबट. कोणी कोणाच्या टेबलावर बसत नसे. आणि बाल्कनीसमोरच्या बाभळीवर रोज सकाळी नीलकंठ! गजेंद्र चहाआधी त्याला हात जोडायचा.

म्हणून कॉलनीचे अध्यक्ष शालिकरामजी यांनी तो तुकडा पार्किंगसाठी साफ करायचा विषय काढला, तेव्हा गजेंद्र उभाच राहिला.

"अध्यक्षजी, तिथं नीलकंठ राहून राह्यला. दसऱ्याले लोक त्याच्या दर्शनासाठी वावरं पालथे घालतात, अन् आपण त्याचं घर तोडून राह्यलो?"

शालिकरामजी पडले धार्मिक. म्हणाले, "दसऱ्याच्या सकाळी दाखवा. दिसला तं फांदीले हात लावणार नाही. नाही दिसला तं दुसऱ्या दिवशी जेसीबी."

"बिनधास्त या. तो सुट्टी घेत नाही."

घरी बायकोने, छायाने, कपाळावर हात मारला. "अहो, पाखरू हाय ते. एकदा चष्मा लावून पाहून तं घ्या."

"मले दिसते चांगलं," गजेंद्र म्हणाला.

दसऱ्याला अख्खी कॉलनी नवे कपडे घालून बाभळीखाली जमली. शेजारचा भिवाजीही आला. (त्याच्याशी गजेंद्रचा उन्हाळ्यापासून अबोला होता.) गजेंद्रने ऐटीत बोट वर केलं.

"ते पाहा. कसा पंख हलवून राह्यला."

सगळ्यांनी माना वर केल्या. सवयीने जोडलेले हात हळूहळू खाली आले. लोक भक्तीने गहिवरले, असं गजेंद्रला वाटलं. छाया मुकाट्याने घरात गेली, चष्मा घेऊन आली आणि तिने तो स्वतःच्या हाताने त्याच्या नाकावर चढवला.

बाभळीच्या काट्यांत एक निळी, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी अडकली होती.

"तुमचीच हाय," छाया म्हणाली. "नाडी मीच ओवली. मे महिन्याच्या वादळात उडाली ते."

"अन् मीच चोरली म्हणून तुमी माह्याशी बोलणं टाकलं," भिवाजी शांतपणे म्हणाला.

मग जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. गजेंद्रने मान खाली घातली ती घातलीच. चड्डीचं एक असो; पण उद्या जेसीबी येणार, सातभाईंची मीटिंग कायमची उठणार, आणि हे सगळं आपल्या ऐटीपायी, या विचाराने त्याचा जीव तुटला. अचानक लोकांनी "आलं, आलं" करत कालवा केला. आता चड्डी खाली आली असणार, असं समजून तर त्याने डोळेही मिटून घेतले.

उघडले तेव्हा सगळे हात जोडून उभे होते.

"मानलं भाऊ तुमाले," शालिकरामजी म्हणाले. "काय निळे पंख! डोळ्याचं पारणं फिटलं."

"काय झालं?"

"नीलकंठ येऊन गेला ना. तुमी काहून नाही पाह्यला?"

"कुठं बसला होता?"

छायाने पदर तोंडाला लावला. "तिथंच. चड्डीवर."

झाडं वाचली. गजेंद्र काठी घेऊन चड्डी काढायला निघाला, तर शालिकरामजी आडवे आले. "हात लावू नका. त्याची बसाची जागा हाय ते."

आता गजेंद्र नेमाने चष्मा लावतो. रोज सकाळी बाल्कनीतून त्याला सातभाई दिसतात, बुलबुल दिसतात, भारद्वाजही दिसतो. नीलकंठ अजून एकदाही दिसलेला नाही. फिरायला निघालेले लोक मात्र बाभळीखाली थांबतात, वर पाहून हात जोडतात आणि मग बाल्कनीकडे वळून विचारतात, "भाऊ, हे विटून राह्यली. नवी कधी लावता?"