आधी मूठ, मग घोट

आमच्या मंगळवार पेठेत शंकरआप्पाचं देशी दारूचं दुकान होतं. सरकारमान्य, दारावर पाटी लावलेलं. पण तिथं नुसते पैसे पुढं करून दारू मिळत नसे. आधी घरून आणलेलं मूठभर धान्य फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं, मगच आप्पा बाटलीला हात लावायचा. नवं गिऱ्हाईक गोंधळून जायचं. आप्पा डब्यावर बोटं वाजवून म्हणायचा, "पावणं, आधी मूठ, मग घोट."

दारूबंदी सैल होऊन अशी दुकानं नुकती उघडली होती, तेव्हाची ही गोष्ट. आप्पाच्या आणि माझ्या घरांमध्ये एकच भिंत. मी मुलींच्या अनाथाश्रमात स्वयंपाकाला होते आणि डब्यातलं धान्य आश्रमालाच यायचं. दर शनिवारी आप्पा डबा खांद्यावर घेऊन आश्रमाच्या मागच्या दाराशी यायचा. उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. "माझ्या कापडास्नी वास मारतोय आक्का. पोरींस्नी नको," म्हणायचा.

मुठीचा नेम कडक होता. बायकोच्या नाहीतर आईच्या हातची मूठ हवी. ज्याला दोन्ही नाहीत, त्यानं शेजारणीकडं मागायची. मी एकदा विचारलं, हे कशाला? आप्पा म्हणाला, "मूठ घ्यायची म्हंजे घरात तोंड उघडाय लागतंय की. मागनं सटकता येत न्हाय."

गडी चलाखी करायचेच. मारुती गवंडी समोरच्या वाण्याकडून तांदूळ घेऊन आला. आप्पानं मूठ नाकाला लावली आणि परत त्याच्या हातात ओतली. "ह्याला पोत्याचा वास येतोय. घरच्या दाण्यात कडुलिंबाचा पाला असतोय." दुसऱ्या दिवशी मारुतीनं वाण्याच्याच तांदळात पाला घालून आणला. आप्पानं एक पान उचललं, बोटांत चुरगळलं. "आरं, ह्यो पाला वला हाय! वाटंवर तोडलास व्हय? जा, सोनाबाईम्होरं हुबा ऱ्हा."

सोनाबाई मारुतीची बायको. तिच्या मनात असलं तर ती मूठ द्यायची, नसलं तर म्हणायची, "आज न्हाय." मग मारुती चुलीपुढं बसून राहायचा आणि ती त्याला लसूण सोलायला लावायची. या नेमानं कुणाची दारू सुटली असं मी म्हणणार नाही. सुटली नाही. पण कुठल्या दिवशी प्यायची, हे पेठेतल्या काही घरांत बाया ठरवू लागल्या. एवढं मी डोळ्यांनी बघितलं.

डब्यात ज्वारी, गहू, तांदूळ, हुलगे, सगळं एकत्र. निवडत बसायला मला वेळ नव्हता. खडे तेवढे काढून सगळं एकत्र दळून आणायचे. भाकरी काळपट व्हायची, पण चवीला चांगली. पोरी तिला आप्पाची भाकरी म्हणायच्या. संध्याकाळचं जेवण त्या भाकरीवर होतं. ती नसली की कण्यांची पातळ पेज, आणि पेज पिऊन झोपलेली पोरं सकाळी लवकर उठतात.

आश्रमाचे अध्यक्ष नाना. माणूस वाईट नव्हता, तत्त्वाचा होता. धान्य कुठून येतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. एका शनिवारी त्यांनी आप्पाला मागच्या दाराशी बघितलं आणि ओळखलं. "गुत्त्यावरचं धान्य माझ्या मुलींच्या ताटात नको," म्हणाले. आप्पा डबा उचलून गेला. त्या दिवसापासून संध्याकाळी पेज सुरू झाली.

मी सोनाबाईला सांगितलं. सोनाबाईनं पेठेला सांगितलं. आठ-दहा बाया आश्रमात आल्या आणि नानांपुढं उभ्या राहिल्या.

"डबा गुत्त्यातला असंल," सोनाबाई म्हणाली, "दाणं माझ्या घरातलं हाईत. माझ्या हातानं दिल्यात. माझा हात बाटलाय व्हय, नाना?"

नाना म्हणाले, "तुमचं धान्य मी नाकारत नाही. पण ज्याचा डबा आहे, त्याच्या घरची मूठ त्यात कधी पडली का? शनिवारी आप्पांच्या घरची मूठ डब्यात आणा, डबा पुन्हा सुरू."

बोलणं वाजवी होतं. तरी एकही बाई हसून घरी गेली नाही. कारण आप्पाच्या घरात मूठ द्यायला कुणी नव्हतं, हे नाना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

त्याची बायको इंदू. दुकान उघडलं त्याच महिन्यात ती निपाणीला माहेरी गेली. भांडण झालं नाही. झालं असतं तर भिंतीतून ऐकू आलं असतं. मी दारात होते, एवढंच ऐकलं. "ह्या पैशाचं धान्य माझ्या हातानं शिजायचं न्हाय," असं म्हणाली आणि ट्रंक उचलून चालू लागली. ती परत आली नाही आणि यानं दुकान बंद केलं नाही. दोघं सारखेच हट्टी. त्या दिवसापासून आप्पा खानावळीत जेवायचा. त्याच्या चुलीचा धूर मी पुन्हा बघितला नव्हता.

शुक्रवारी दिवेलागणीला तो माझ्या मागच्या दाराशी आला. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. उंबऱ्याबाहेरच उभा.

"काय रं आप्पा?"

"काय न्हाय." मग म्हणाला, "आक्का, येक मूठ द्या."

"शेजारीण चालती व्हय?"

"नेमात हाय की. मीच केलाय नेम." खाली बघत म्हणाला, "मागाय एवढं जड जातंय, ठावं नव्हतं. गड्यांस्नी हासत हुतो मी."

माझ्याकडं भावानं दिलेला आजऱ्याचा घनसाळ होता. बारीक, वासाचा तांदूळ. सणासुदीला ठेवलेला. मी घरच्या तांदळाच्या डब्यात हात घातला आणि मूठ भरून त्याच्या ओंजळीत टाकली. त्यानं ती नाकाला लावली. वास घ्यायची सवयच त्याला. पण या खेपेला नाक लवकर काढलं नाही.

"पाला हाय," म्हणाला आणि गेला.

शनिवारी डबा आला. झाकण काढलं तर वरच घनसाळ. नानांनी वाकून बघितलं. "ही आप्पांच्या घरची?" "बाईच्या हातची हाय," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. नानांनी मान हलवली. संध्याकाळी पोरींना भाकरी मिळाली.

पण माझी मूठ मोठी आहे. डब्यात पडला होता तो तांदूळ निम्मा होता.

घरी आले, भांडी घासायला मागं बसले. भिंतीपलीकडून धूर येत होता. ओल्या लाकडाचा, फुंकर मारता न येणाऱ्या माणसाच्या चुलीचा. आणि त्या धुरातून घनसाळाचा वास. मूठभराच्या निम्म्या तांदळाचा भात कितीसा होतो? दोन घास. मी भांडी वाजवली नाहीत. तशीच बसून राहिले.

पुढच्या शुक्रवारी आप्पा पुन्हा आला. ओंजळ पुढं केली. मी दोन मुठी घातल्या.

"एक डब्याची," मी म्हणाले.

दुसरी कसली, ते त्यानं विचारलं नाही.