खोलीच्या मधोमध चावी

घर बांधताना लोकांचे हाल का होतात, याचा मी नीट अभ्यास केला होता. लोक घाई करतात, लोक दुसऱ्यांचं ऐकतात आणि लोक स्वतः समोर उभे राहत नाहीत. या तिन्ही चुका मी करणार नव्हतो. पंधरा दिवसांत खोली उभी आणि सोळाव्या दिवशी दुपारी मी त्या खोलीत दार लावून झोपलेला, असा सगळा कार्यक्रम मी कागदावर उतरवला होता. कागद लॅमिनेटही करून घेतला होता.

खोली मला फक्त झोपायलाच हवी होती. चौतीस वर्षं मी शाळेत क्लार्क होतो. चौतीस वर्षं दुपारच्या वेळी मला जी झोप यायची, ती मी दाखले लिहून परतवून लावली. निवृत्त झाल्यावर ती सगळी वसूल करायची असं ठरवलं होतं, पण घरात झोपायला जागाच नव्हती. आतल्या खोलीत माझ्या बायकोचा, जागृतीचा शिवणक्लास चालतो. सहा मशिनी आणि सहा मुली, त्यातल्या मशिनी जरा तरी थांबतात. पुढच्या खोलीत टीव्ही. आणि पुढच्या ओटीवर आडवं व्हावं तर रस्त्याने जाणारा प्रत्येक जण "काय भूपेशभाऊ, झोपलात का?" असं विचारून मला उठवतो.

आमचं घर विरार पूर्वेला, फुलपाड्याच्या मागच्या अंगाला. चारी बाजूंनी इमारती उठल्या, मधे आमची दोनच बैठी घरं राहिली. रस्त्याला लागून आमचं आणि त्याच्या मागे शत्रुघ्नकाकांचं. काका नात्याने माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. मधल्या मोकळ्या जागेपैकी आमच्या हिश्श्यात मी खोली काढणार होतो. अडचण फक्त पाइपाची होती. ग्रामपंचायतीच्या काळात माझ्या आजोबांनी आणि काकांच्या वडिलांनी दोघांत मिळून एकच नळ घेतला. पाइप रस्त्यावरून आमच्या आवारात शिरतो, घराच्या मागे कुठेतरी त्याला फाटा फुटतो, एक तोंड आम्हाला आणि एक काकांना. पाणी एक दिवसाआड, दुपारी दोन ते तीन. हा 'कुठेतरी' नेमका कुठे, हे विचारायला मी काकांकडे गेलो. म्हणजे पाहा, मी विचारलं होतं.

काका ओटीवर मांडवाची झालर सोडवत बसले होते. त्यांच्या नातवाची, अल्पेशची हळद तीन दिवसांवर आली होती.

"पाइप ना? रामफलाच्या बुडाशी हाय," काका म्हणाले. "रामफल सोडून खन कुठं खनायचं ते. पन भूप्या, दोन दिस थांब की. हलद होऊ दे."

"काका, अर्ध्या दिवसाचं तर काम आहे. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

आता आमच्याकडे लग्न एकवेळ पुढे ढकलतील, पण हळदीला कोणी हात लावत नाही. दीड हजार माणूस जेवायचं होतं. पण माझ्या कागदावर बुधवारी खणायचं असं लिहिलं होतं, आणि कागद लॅमिनेट केलेला होता. त्यावर खाडाखोड होत नाही.

रामफळ मला चांगलं आठवत होतं. कुंपणाच्या कोपऱ्यात होतं, लहानपणी मी त्यावरून पडलोही होतो. झाड जाऊन वीस वर्षं झाली, पण जागा मी डोळे मिटून सांगू शकत होतो. म्हणजे पाइप कुंपणालगत, खोली पाइपापासून दहा फूट लांब. बुधवारी सकाळी गवंडी आला, मी चुन्याने रेघा मारून दिल्या, विटा आणि रेती गल्लीत उतरवून घेतली आणि खुर्ची टाकून समोर बसलो. बाराच्या सुमारास चरात कुदळीला काहीतरी ठणकन लागलं.

"साहेब, पाइप," गवंडी म्हणाला.

मी वाकून पाहिलं. गंजून काळा पडलेला पाइप होता, मधे एक भलामोठा जोड.

"मेलेला पाइप आहे तो," मी म्हणालो. "जुन्या बोअरिंगचा असणार. चालू पाइप तिकडे, रामफळाशी."

"झाड कुठाय?"

"आता नाहीये. पण होतं."

गवंड्याने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "साहेब, हा ओला वाटतो."

"जमीन ओली आहे, म्हणून पाइप ओला आहे. काप."

त्याने काही कापला नाही. मग मीच चरात उतरलो, हॅक्सॉ घेतलं आणि जोडाच्या तिन्ही बाजूंना सहा-सहा इंच सोडून पाइप कापून काढला. पाऊण तास लागला. जोडाचा तुकडा वर घेऊन मी जागृतीला दाखवायला गेलो. तिने मशीन थांबवलं, तुकड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अहो, मेलेल्या पाइपाला तीन तोंडं कशाला हवीत?" मी म्हटलं, तुझं शिवणाचं आहे, तू शिवण बघ. हे वाक्य मी बोलायला नको होतं, ते पुढे कितीतरी दिवस मला परत ऐकायला मिळालं.

दोन वाजता चरातून पाणी वर आलं.

खोटं कशाला सांगू, पहिल्या मिनिटाला मला आनंद झाला. आमच्या जागेत झरा लागला असं वाटलं. गवंड्याने तर हात जोडले आणि हाताखालच्या मजुरालाही चपला काढायला लावल्या. मीही भक्तिभावाने ओंजळ भरून तोंडाला लावली. पाण्याला क्लोरिनचा वास आला.

तेवढ्यात मागून शकूकाकींचा आवाज आला. त्यांच्या दारात हळदीसाठी चौदा पिंपं ओळीने मांडली होती आणि नळाने नुसती हवा सोडली होती.

"भूपेश, तुमच्याकडं पानी आलं काय रं?"

आलं होतं. गुडघ्यापर्यंत आलं होतं.

मी घाईने पाइपावर तळहात दाबून धरला. पाणी बाजूने उडालं आणि माझं तोंड धुऊन निघालं. अंगठा घालून पाहिला, लाकडाची पाचर ठोकून पाहिली, शेवटी शिवणक्लासमधून कापडाचं बोचकं मागवून कोंबलं. ते कापड एका मुलीचं परीक्षेचं ब्लाउज होतं, हे नंतर कळलं. काका काठी टेकत चराच्या कडेला येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे काकी, काकींच्या मागे हळदीला आलेल्या बारा-पंधरा बायका.

"काका, तुम्ही रामफळ म्हणालात," मी चरातून म्हणालो.

"व्हय. हे काय, त्याच्या बुडातच उभा हायेस तू."

"रामफळ कोपऱ्यात होतं. मी त्यावरून पडलोय."

"तो नवा रामफल. मी जुन्याचं सांगत होतो. तू जन्मायच्या आदीच वादलात पडला तो." काकांनी काठीने माझ्या पायाशी दाखवलं. "गोड होता पन."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही उलटून काही बोललो असतो. पण त्यांनी नुसतं एकदा चौदा पिंपांकडे पाहिलं आणि एकदा घड्याळाकडे. उद्या पाणी नव्हतं. परवा येणार ते दोन वाजता, आणि हळद परवाच होती, स्वयंपाक सकाळपासूनचा. मला स्वतःचीच लाज वाटली. मी म्हणालो, "टँकर मागवतो." काकी म्हणाल्या, "मागव. पन गल्लीतली तुझी रेती आदी हटव." त्या रेतीला घाबरून सकाळी मांडववाल्याची गाडीसुद्धा परत गेली होती, हेही तेव्हाच समजलं.

शेवटी तोडगा काकींनीच काढला. "पानी हाय ना हितं? मंग हितनंच भरा."

माझ्या चरात बायकांची रांग उतरली. बोचकं काढलं, पाइपाखाली कळशी लागली आणि कळश्या हातोहात पिंपांकडे जाऊ लागल्या. मी पाइप धरून मधे बसलो होतो. चुन्याच्या रेघा वाहून गेल्या, चराच्या कडा ढासळल्या, आणि येणारी प्रत्येक बाई मला माझ्या खोलीविषयी सल्ला देत होती. एक म्हणाली खिडकी इकडे नको, ऊन येईल. दुसरी म्हणाली दहा बाय बारा म्हणजे फारच लहान, यात माणूस झोपला तर बसणार कुठे? मी सांगितलं की बसायचंच नाहीये कोणी. ते कोणी ऐकलं नाही.

अडीचला, फोन करून बोलावलेला मार्सेल पापडीहून आला. मार्सेल आमच्या दोन्ही घरांचा प्लंबर, याआधी त्याच्या वडिलांकडे हे काम होतं. त्याने स्कूटरवरूनच चर पाहिला, कपाळावरून छातीवर क्रुसाची खूण केली आणि मग उतरला.

"कोणी कापला रे हा?"

गवंड्याने माझ्याकडे बोट दाखवलं. तसा तो दिवसभर कमीच बोलला होता.

"सरळ कापलाय पण," मार्सेल म्हणाला. त्या दिवसात कोणीतरी माझ्याविषयी चांगलं बोललं, ते एवढंच. "बरं ऐक. जोड इथेच परत बसवावा लागेल, दुसरीकडे न्यायचा तर सगळी लाइन उकरावी लागेल. आणि बसवतोच आहे तर तुझ्या फाट्यावर, चरापासून पाच फूट आत कोरड्या जागी, एक चावी टाकतो. ती बंद केली की सगळं पाणी काकांकडे. अर्धा तास तू घे, अर्धा तास ते."

मला आठवलं, काका ही चावी गेली कित्येक वर्षं मागत होते. आमचं घर पुढे असल्यामुळे आमचा नळ धो धो वाहायचा आणि त्यांना करंगळीएवढी धार मिळायची. आधी माझे वडील 'बघू' म्हणत, पुढे मी म्हणू लागलो. आता पंधरा बायकांसमोर, चिखलात बसून 'बघू' म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

"टाक चावी," मी म्हणालो. "आणि काका, चावी तुमच्याच हातात. कधीही या, फिरवा."

काकांनी काठी बाजूला ठेवली आणि माझ्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला. मला एकदम भरून आलं. चावी जिथे बसतेय ती जागा माझ्या खोलीच्या बरोबर मधोमध येते, हे भरून आल्यामुळे लक्षात आलं नाही.

हळद झोकात झाली. काकांनी मला पहिल्या पंगतीला बसवलं आणि ज्याला त्याला सांगितलं की भूप्याने पाण्याची सोय केली. लग्न उरकल्यावर मी हळूच म्हणालो, चावी जरा कुंपणाकडे सरकवू या का? काका म्हणाले, "एवढ्या वर्सांनी नलाला जोर आलाय. आता हात लावू नको बाबा." मार्सेल म्हणाला, पाइप इतका जुना आहे की दुसऱ्यांदा हलवला तर तो हातात येईल. म्हणून चावीभोवती चौकोनी खड्डा केला, त्यावर लोखंडी झाकण बसवलं आणि खोली बांधली. पंधरा दिवसांच्या जागी तीन महिने लागले. झाकणावर खाट येते, म्हणून खाटेला चाकं लावून घेतली.

आता एक दिवसाआड बरोबर सव्वादोनला दार वाजतं. मी उठतो, खाट ढकलतो. काका येतात, पण त्यांना वाकवत नाही, म्हणून चावी फिरवायला अल्पेशची नवी बायको निधी येते. निधी एकटी कशी येणार, म्हणून काकी येतात. अडीचला चावी बंद करतात, पण लगेच जात नाहीत.

"तीनला परत उघडून जातो," काका म्हणतात. "नायतर पुढच्या बारीला तुमचं पानी अडेल. तसं नको व्हायला."

माझ्यासाठीच बसतात बिचारे. बसायचं तर चहा आला. चहाच्या वासाने अल्पेश येतो. शिवणक्लासच्या मुली नव्या नवरीचं ब्लाउज बघायला येतात. मार्सेल या बाजूला असला की पाइप तपासायला म्हणून डोकावतो. काका खाटेवर टेकतात आणि पंख्याखाली पाच मिनिटांत घोरायला लागतात. त्यांना उठवणार कोण?

तेव्हा मी उशी घेतो आणि गुपचूप मागच्या दाराने काकांच्या ओटीवर जाऊन पडतो. काय सुंदर झोप लागते म्हणून सांगू! चिटपाखरू नसतं तिथे. त्यांच्या घरातली सगळी माणसं आमच्या खोलीत असतात.