शिवानानांची चव नोंदवही

शिवानाना मयेकरांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसतं, चमचा असतो. स्टीलचा, लांब दांड्याचा आणि सुतळीनं सदऱ्याच्या बटणाला बांधलेला. लग्नाला चमचा, मयताला चमचा, ग्रामसभेला चमचा. एकदा रत्नागिरीच्या बँकेत कॅशियरनं त्यांच्यापुढे पावती सरकवून "सही करा" म्हटलं, तर नानांनी सवयीनं चमचा काढून पावतीवर टेकवला. कॅशियरनं मागे सरकून शिपायाला हाक मारली म्हणे.

नाना जन्मभर मालवाहू जहाजांवर कुक होते. जग फिरले, पण जगातलं त्यांनी फारसं काही पाहिलं नाही, कारण बंदर आलं की सगळे उतरायचे आणि नाना गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, कांदे चिरत राहायचे. निवृत्त होऊन गावात आले, बायको गेली, मुलगी विरारला नांदते. चमचा तेवढा राहिला. "शिपाय बंदुकीबिगर फिरंल, पण कुक चमच्याबिगर फिरला का समजायचं, त्याला कामावरनं काढलाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पण त्यांना कामावरून कुणी काढलेलं नव्हतं. आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ते रोज दुपारी हजर असत. शाळेत मुलांना शिजवलेलं जेवण मिळतं. ते वाढण्याआधी अर्धा तास कुणीतरी मोठ्या माणसानं खाऊन बघायचं आणि चव नोंदवहीत सही करून शेरा लिहायचा, असा नियम. पालकांना रोज वेळ कुठला? म्हणून शाळा समितीनं नानांना नेमलं. पगार नाही, मानधन नाही. एक चमचा भात, एक चमचा आमटी आणि एक वही.

आता वहीतले शेरे. बाकीच्या शाळांत वर्षभर एकच शब्द असतो, "चांगली", तोही एकाच दिवशी बसून लिहिलेला. नानांची वही मात्र वाचण्यासारखी.

"वालाची उसळ. बरी. पण आज गप्प होती."

"आमटी. मीठ भिडस्त."

"मटकी. उद्धट. दोनदा समजावली."

तालुक्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी ती वही वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि लाल शाईनं लिहिलं, "शेरा 'समाधानकारक' अथवा 'असमाधानकारक' एवढाच असावा." दुसऱ्या दिवशी नानांनी लिहिलं, "चवळी. समाधानकारक. पण समाधान उशिरा झालं."

माझी नि नानांची गाठ पडली ती याच शाळेच्या दारात. मी अन्न हक्काचं काम करते. म्हणजे पत्रकं लिहिते, छापून आणते, वाटते आणि लोकांनी ती भजी खायला घेतली की भांडते. नानांनी माझं नाव ठेवलं पत्रकबाय. पहिल्याच भेटीत मी त्यांना पत्रक दिलं, "मुलांच्या ताटात कंपनीचा हात!" नानांनी चमच्याचा दांडा एकेका ओळीखाली धरत ते वाचलं.

"पत्रकबाय, ह्यात उद्गारचिन्हं किती गो? मिरची अशी घातलीस तर दुसरा घास कोन खाईल?"

मला राग आला. मला पुष्कळ गोष्टींचा राग येतो आणि त्याबद्दल मी माफी मागत नाही. त्या वेळच्या रागाला तर कारणही होतं. एका मोठ्या कंपनीला आमच्या तालुक्यातल्या शाळांची चूलच बंद करायची होती. तांदूळ नको, कडधान्य नको, रांधणारी बाई नको. चकचकीत पाकीट फाडायचं, गरम पाणी ओतायचं, झाली पौष्टिक खिचडी. पाकिटांची एजन्सी मिळणार होती तालुक्याच्या एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याला, आणि व्यासपीठावरून पोषणाची चिंता वाहणार होता तो पुढारी. कंपनीला पोरांच्या पोटाची काळजी नसते. तिला जीभ हवी असते. सहा वर्षांच्या जिभेला पाकिटाची सवय लागली की साठ वर्षांचं गिऱ्हाईक तयार होतं. हे मी पत्रकात लिहिलं होतं. ठळक अक्षरात.

फक्त एक अडचण कंपनीला होती. शाळा समितीचा संमतीचा ठराव हवा होता. ठराव झाला की चूल बंद, रांधणाऱ्या शेवंतीवहिनी घरी आणि नानांची वही कपाटात. पाकिटावर चव आधीच छापलेली असते, ती बघायला माणूस कशाला?

मी नानांना म्हटलं, "सभेत तुम्ही बोला. लोक तुमचं ऐकतात."

"मी काय बोलणार? माझा काम चव बघायचा."

"मग नियमानं तरी वागा! सही आधी करता नि शेरा पोरं जेवून उठल्यावर लिहिता. रोज! कंपनीच्या माणसानं ह्यावर बोट ठेवून विचारलं तर?"

नाना गडबडले. चमचा खिशात नीट बसवत म्हणाले, "शेरा मुरायला लागतो गो." आत शेवंतीवहिनी उगाचच मोठ्यानं भांडी घासायला लागल्या.

शेवंतीवहिनींचंही एक मला कळत नसे. नानांच्या चमच्यात आमटी घालताना त्या रोज हळूच काहीतरी कबूल करत. "नाना, आज आमसूल वायच जास्त पडलाय हां." "नाना, गूळ घातलाय, लिंबाएवढा." मला वाटे, ही बाई नानांना घाबरते.

कंपनीच्या प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. इस्त्रीच्या सदऱ्यातला एक तरुण साहेब आला. सोबत हसऱ्या गाजराचं चित्र असलेला फलक. चूल त्या दिवशी बंद ठेवायचा तोंडी हुकूम होता. साहेबांनी मोठ्या पातेल्यात पाकिटं रिकामी केली, गरम पाणी ओतलं, ढवळलं आणि घड्याळ दाखवलं. "तीन मिनिटं! आमच्या ताई तासन्‌तास धुरात बसतात, त्यांची सुटका!"

शेवंतीवहिनींनी पदर खोचून त्यांच्याकडे असं बघितलं की साहेब फलकाच्या आड गेले.

पोरं ताटं घेऊन बसली. साहेब डाव बुडवणार, तोच नाना उठले.

"थांबा. चव."

"काका, याची गरज नाही. हे फोर्टिफाइड आहे."

"म्हंजे काय?"

"यात जीवनसत्त्वं घातलेली असतात."

"घातलेली? मग आधी काढली कोनी?"

साहेब हसले. कुणीच सोबत हसलं नाही, तेव्हा थांबले.

"आमच्या जहाजावर रीत होती," नाना म्हणाले, "कुकनं आधी खायचा. समुद्रात मानसांना पळायला जागा नसते. शाळेत पोरांना पन नसते. ह्यो बनवला कोनी?"

"मशीननं."

"मग मशीनला बोलवा."

आता पोरं हसली. साहेबांनी आवाज मऊ केला. "काका, मी खाल्लं असतं, पण आत्ताच हॉटेलात नाश्ता झालाय."

"काय खाल्लात?"

"घावणे," साहेब चुकून खरं बोलले.

शेवटी साहेबांनी दोन घास खाल्ले, नानांनी एक चमचा. साहेब पुन्हा डाव उचलणार तर नाना म्हणाले, "आता अर्धा तास."

साहेबांनी मुख्याध्यापिका कदम बाईंकडे पाहिलं. बाईंना वरून फोन आलेला होता, त्या सकाळपासून कंपनीच्या बाजूनं होत्या. पण नियमाचं पुस्तक समोर आलं की बाईंना फोन ऐकू येत नाही. त्यांनी पान उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अर्धा तास आहे खरा."

मग सगळी शाळा, सगळी समिती, साहेब आणि गाजर पातेल्याकडे बघत बसले. मी संधी साधून माझं तीन पानी भाषण केलं. दुसऱ्या पानावर पहिलीतली दोन मुलं झोपली. साहेब म्हणाले, "पॉइंट चांगला आहे तुमचा." इतका अपमान माझा आजवर कुणी केलेला नाही.

अर्धा तास झाला. नानांनी ढवळायला चमचा पातेल्यात घातला, आणि तो निघेना. खिचडीचा दगडी चिरा झाला होता. नानांनी ओढलं, पातेलं सोबत आलं. सुतळी बटणाला, बटण सदऱ्याला, सदरा नानांना. म्हातारा कंपनीच्या मालाला जखडला गेला आणि वाकून उभा राहिला. पोरांनी ताटं वाजवली.

"हे... लगेच खायचं असतं," साहेब पुटपुटले.

"लगेच?" नाना वाकलेलेच बोलले. "आनि बिघडलेला असंल तर? पोरांनी लगेच आजारी पडायचा?"

शेवंतीवहिनींनी कात्रीनं सुतळी कापून त्यांना सोडवलं. मग त्या आत गेल्या आणि भात, आमटी घेऊन बाहेर आल्या. "हात गप बसत नाय हो," त्या कदम बाईंना म्हणाल्या, "सवय." त्यावरही नाना अर्धा तास बसले. ठराव तहकूब झाला. कंपनी पुन्हा येणार आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी ती पातेलं खरवडत बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर मी वही-पेन घेऊन नानांच्या घरी गेले. आईनं दिलेला बांगड्याच्या तिखल्याचा डबा हातात होता. पुढच्या पत्रकाचा मथळाही ठरला होता, "जहाजावरच्या जिभेनं ओळखलं कंपनीचं पाप!"

"नाना, त्या खिचडीची चव नेमकी कशी होती? सविस्तर सांगा."

"मला काय ठावूक?"

"म्हणजे?"

नाना चमच्याला नवी सुतळी बांधत होते. गाठ मारून झाली तेव्हा म्हणाले, "दोन वर्सामागं मोठा ताप आलेला ना, त्यात जीभ गेली. मीठ-साखर सगळा सारखाच. शेवंतीला ठावूक हाय. तू आता छापू नको."

मी पेन खाली ठेवलं.

"मग वहीतले शेरे?"

"पोरांकडं बगतो. उसळ गप्प होती, म्हंजे पोरा गप जेवली. मीठ भिडस्त, म्हंजे मीठ कमी होता, पन कदम बायना घाबरून कोनी मागला नाय. मटकीवरनं त्या दिवशी मारामारी झाली, दोनदा सोडवली. म्हनून शेरा मागनं."

"आणि आधी खाता ते कशाला?"

"जीभ गेली, पोट हाय की," नाना म्हणाले, जसं काही मी वेळ विचारली होती. "वायट असंल तर अर्ध्या तासात पोटाला कळंल. माझ्या. पोरांच्या नाय."

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. जन्मभर शंभर प्रकार रांधलेल्या माणसाच्या ओट्यावर कढई उपडी होती आणि फळीवर पाकिटं उभी होती. शेवया, सूप, बिस्किटं. गरम पाणी ओता, तीन मिनिटं. माझ्या पत्रकात नावानिशी शिव्या घातलेली सगळी मंडळी ओळीनं हजर. मी तोंड उघडलं. माझ्याकडे या विषयावर चार मुद्दे आणि आठ उपमुद्दे तयार असतात.

"चव लागत नाय," दारातून नाना म्हणाले. "बगायला समोर पोरा पन नाय. मग फोडनी कोनासाठी घालू?"

मी दोन ताटल्या काढल्या, भात टाकला, तो शिजल्यावर डबा उघडला आणि त्यांच्या समोर बसले. पहिला घास घेतल्यावर मला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी मी दुसरा घेतला. आईचं तिखलं तसंच असतं. नाना चमचा हवेत धरून माझ्याकडे बघत होते, मग जेवायला लागले. दोघांनी डबा पुसून खाल्ला.

हात धुवून आल्यावर त्यांनी माझ्या पिशवीतलं एक पत्रक घेतलं, उलटं केलं आणि माझं पेन मागितलं. कोऱ्या बाजूवर सावकाश लिहिलं, खाली सही केली आणि ते फळीवर, पाकिटांच्या पुढे, उभं करून ठेवलं.

"बांगड्याचं तिखलं. आज एकटं नव्हतं."