शेवटच्या पंगतीचे शामुवेलअण्णा

रेशनच्या रांगेत शामुवेलअण्णा सगळ्यांच्या मागे उभे राहायचे. त्यांच्याही मागे कुणी आलं, की त्याला पुढे घालून स्वतः पुन्हा मागे. दुकान बंद होईपर्यंत हे चालायचं. मग रिकामी पिशवी झुलवत घरी.

कानडी मुलखातल्या चामराजपेटेत ते आमच्या शेजारी राहायचे. मूळचे बेळगावकडचे ख्रिस्ती, छापखान्यात कामाला. मी नुकती लग्न होऊन आलेली. वय एकोणीस, अक्कल पाच वर्षांची, ऐट साठीची! अण्णांची पाठ दिसली की मी खुशाल पुढे घुसायची. वर तेच म्हणायचे, "या अक्का, या!"

एकदा विचारलं, "अण्णा, हे काय खूळ?"

"खूळ नव्हे हो. आमचा प्रभू देवाचा पोरगा. पण जन्मला गोठ्यात, मेला चोरांच्या मधे. पार मातीत गेला. म्हणून तर बापानं त्याला उठवलं, स्वर्गात नेलं, आपल्या उजव्या हाताला बसवलं. आधी खाली, मग वर."

"म्हणजे वरच्या जागेसाठी तुम्ही आत्तापासून नंबर लावलाय म्हणा की!"

अण्णा ठसका लागेपर्यंत हसले. त्यांची बायको रूथअक्का आतून ओरडली, "वर जाऊ हो सावकाश. आधी रॉकेल आणा!"

पण अशी बोलणारी ही बाई उभी राहायची त्यांच्याच मागे. आमच्या थोरल्याच्या बारशाला दोघं हट्टानं शेवटच्या पंगतीला बसली. तोवर पायसाच्या पातेल्यात वेलदोड्याची सालं तेवढी उरलेली. अण्णांनी ती चोखली आणि म्हणाले, "फर्मास!"

पुढे एका सकाळी रूथअक्काच्या पोटात कळा सुरू झाल्या. अण्णा तिला सरकारी इस्पितळात घेऊन गेले. दुपारी मी डबा घेऊन पोचले, तर दोघं अजून बाहेरच, बाकड्याच्या टोकाला. कुणाचं पोर रडतंय, कुणी म्हातारी कण्हतेय, अण्णा एकेकाला पुढे पाठवतायत. आणि राखेसारखा चेहरा झालेली रूथअक्काही मान हलवतेय, "जाऊ द्या, जाऊ द्या त्यांना."

"अण्णा, तिच्याकडे बघा तरी!" मी किंचाळले.

त्यांनी बघितलं. आणि उठले ते माणसं ढकलत, शिव्या घालत. दारावर दोन्ही मुठी आपटून ओरडायला लागले, "आधी हिला घ्या! आधी हिला!"

आतड्याला भोक पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "सकाळीच का नाही आणलं?" सकाळपासून ती त्यांच्याच दाराबाहेर बसली होती. ती रात्र तिनं काढली नाही.

त्यानंतर प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण आला. त्या दिवशी देवळातून परतताना ते आमच्या पायरीवर टेकले. मी कॉफी दिली आणि सांत्वनात मुरलेल्या बाईच्या थाटात म्हणाले, "रूथअक्का आता वर सुखात असेल, अण्णा."

"वर गेलीय, त्यात शंका नाही. पण आत नसेल गेली. दाराशीच उभी असेल, येईल त्याला पुढं घालत. मीच लावलेली सवय."

कॉफीवर साय धरली. त्यांनी पेला उचलला नाही.

"अक्का, इतक्या उंचावर बसलेल्याला दाराशी उभं असलेलं माणूस दिसतं का हो?"